कीथ कॉक्स यांचे दख्खन संशोधन आणि रत्नागिरीचा जांभा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवरचा जांभा हा मूळच्या ज्वालामुखीजन्य खडकाचा अवशेष होय, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात एका वाक्यात येते आणि तेथेच संपते. हे वाक्य कोणी, कोणत्या पुराव्यावर लिहिले, याची चौकशी इतिहासाच्या अभ्यासकांनी फारशी केलेली नाही. प्रस्तुत लेखात ब्रिटिश भूवैज्ञानिक कीथ गॉर्डन कॉक्स (१९३३-१९९८) यांच्या संशोधनाचा मागोवा घेतला आहे. पृथ्वीच्या पोटातील शिलारसाचा हा अभ्यासक आयुष्याच्या अखेरीस कोकणच्या जांभ्याकडे का वळला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका :

दख्खनच्या काळ्या पाषाणाचा अभ्यास कॉक्स यांच्यापूर्वी शतकभर चालू होता. दक्षिण कोकणच्या भूरचनेवर सी. जे. विल्किन्सन यांचे टिपण १८७१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भुसावळ येथे कोळशाच्या शोधासाठी सुमारे १,२०० फूट खोल वेधनविवर घेण्यात आले होते. त्यात एल. एल. फर्मॉर यांना लाव्हाचे २९ थर आढळले व त्यांचे वर्णन त्यांनी १९२५ मध्ये केले. कोळसा शोधताना लाव्हाचा इतिहास हाती लागला, हे त्या काळाच्या विज्ञानाचे बोलके उदाहरण म्हणावे लागेल. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्रा. आर. एन. सुखेस्वाला यांनी या अभ्यासाला नवे वळण दिले. मुंबई परिसरातील बेसाल्टवर त्यांनी आरी पोल्डरव्हार्ट यांच्यासह लिहिलेला शोधनिबंध १९५८ चा आहे. एका महाविद्यालयातील अध्यापकाने केलेले हे काम आज जेवढे स्मरणात असावयास हवे तेवढे नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

तथापि एक अडचण कायम होती. बेसाल्टचे थर डोळ्यांना सारखेच दिसतात. एका घाटातील दहावा थर आणि पन्नास किलोमीटरवरील दुसऱ्या घाटातील पंधरावा थर एकच आहे की नाही, हे केवळ पाहून सांगता येत नव्हते.

कारूपासून महाबळेश्वरपर्यंत :

कॉक्स यांच्या कारकिर्दीचा आरंभ आफ्रिकेत झाला. तत्कालीन दक्षिण ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, नुआनेत्सी भागाच्या अग्निजन्य खडकांवरील सहलेखकांसह केलेला त्यांचा विस्तृत ग्रंथलेख १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कारू बेसाल्ट हे दख्खनसारखेच महापूर-लाव्हाचे क्षेत्र होय. पुढे ऑक्सफर्ड येथे अध्यापन करीत असता त्यांनी १९८० मध्ये अशा लाव्हांच्या उगमाविषयी एक प्रतिमान मांडले. हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेला लाव्हा रासायनिक दृष्ट्या इतका एकसारखा व लोहयुक्त का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे : प्रावरणातून वर येणारा मूळ शिलारस मॅग्नेशियमने समृद्ध असतो. तो कवचाच्या तळाशी अडतो, तेथे त्यातील जड स्फटिक खाली बसतात आणि उरलेला हलका द्रव पृष्ठभागावर येतो. याचा अर्थ, जेवढा लाव्हा बाहेर पडला निदान तेवढेच द्रव्य खाली राहिले असले पाहिजे. दृश्य खडकावरून अदृश्य खडकाचा हिशेब मांडण्याची ही रीत त्यांच्या पुढील सर्व लेखनात दिसते.

१९८१ मध्ये महाड-महाबळेश्वर छेदातील बेसाल्ट थरांवर नजफी, कॉक्स व सुखेस्वाला या तिघांचा लेख प्रसिद्ध झाला. मुंबईची स्थानिक परंपरा आणि ऑक्सफर्डची रसायनपद्धती या लेखात एकत्र आल्या. त्यानंतर कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी १९८४ व १९८५ मध्ये सुमारे १,२०० मीटर जाडीच्या या राशीची विभागणी केली आणि पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर ही गावांची व घाटाची नावे जगाच्या भूविज्ञानात रूढ झाली. विभागणीचा आधार होता खडकातील अल्पांश मूलद्रव्ये आणि स्ट्रॉन्शियम व निओडिमियम यांची समस्थानिके. पोलादपूरच्या शिलारसात वाटेतील जुन्या ग्रॅनाइटी कवचाचा अंश मिसळला होता, तर आंबेनळीचा शिलारस जवळजवळ निर्भेळ वर आला. जे डोळ्यांना सारखे दिसत होते ते रसायनाने वेगळे ठरले.

या मिश्रणाचा उलगडा करताना १९८७ मध्ये कॉलिन डेव्ही व कॉक्स यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. शिलारस जसजसा निवतो व त्यात स्फटिक तयार होतात, तसतसा तो भोवतालचा खडक अधिक विरघळवितो, अशी तोवरची समजूत होती. येथे काही थरांत उलटे दिसले. कमी निवलेला, अधिक उष्ण शिलारसच कवचाने अधिक दूषित झालेला होता. उष्ण द्रव भेगांतून वेगाने, खळाळत वर येताना भिंती वितळवीत गेला असावा, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. हे नमुने प्रामुख्याने घाटरस्त्यांच्या कडेने घेतलेले आहेत. वाहतुकीसाठी डोंगर फोडला गेला तेथे ताजा खडक उघडा पडला आणि ज्ञान त्या वाटेने गेले. रत्नागिरीचा सडा मात्र या रसायनाला निरुपयोगी होता. जांभा होताना बेसाल्टमधील सिलिका, चुना, सोडियम, मॅग्नेशियम पावसाच्या पाण्याने वाहून जातात. लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहते. शिलारसाची साक्ष तेथे पुसली गेली होती. सह्याद्रीच्या माथ्याचे थर जगप्रसिद्ध झाले आणि पायथ्याचा कोकण मागे राहिला, त्याचे कारण हे.

घाटमाथ्यावरून कोकणात :

प्रश्न बदलला तेव्हा मात्र जांभा महत्त्वाचा झाला. १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील लेखात कॉक्स यांनी नद्यांकडे लक्ष वेधले. कृष्णा महाबळेश्वरी, अरबी समुद्रापासून अवघ्या ६५ किलोमीटरच्या आसपास उगम पावते आणि सुमारे १,४०० किलोमीटर पूर्वेला वाहत बंगालच्या उपसागरास मिळते. पराना व कारू या लाव्हाक्षेत्रांतही नद्या जवळच्या किनाऱ्याकडे पाठ फिरवितात. खालून आलेल्या उष्ण प्रावरणस्तंभाने भूमी घुमटासारखी उचलली आणि कवचाच्या तळाशी साचलेल्या शिलारसाने ती उंची टिकविली, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८० मधील तो न दिसणारा खडक येथे पुन्हा भेटतो, आता नदीच्या वळणात.

उंचावणी केव्हा झाली हे ठरविण्यास एखादी जुनी, मूळची सपाट पातळी लागते. ती जांभ्याने पुरविली. माइक विडोसन व कॉक्स यांनी १९९६ मध्ये घाटमाथ्यावरील जांभा, कोकणपट्टीतील जांभा, लाव्हाथरांचा कल व नद्यांची मांडणी यांचा एकत्रित विचार केला. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरील जांभा जुना; तो लाव्हाच्या मूळ माथ्याजवळ तयार झाला. कोकणचा जांभा त्यानंतरचा. सह्याद्रीचा कडा झिजत पूर्वेला सरकल्यावर जी सखल भूमी उरली, तिच्यावर तो तयार झाला. पुढे ही भूमीही उचलली गेली. शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्यांनी सडा कापून खोल दऱ्या केल्या, त्या या उचलीमुळे. विशेष म्हणजे या लेखात झिजेलाही मोठे स्थान मिळाले : डोंगराचे ओझे उतरले की खालचे कवच वर उचलले जाते. एकट्या प्रावरणस्तंभावर सर्व भार टाकण्याचा मोह येथे टाळलेला दिसतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते कॉक्स यांच्या दख्खनविषयक लेखनातील हा सर्वांत परिपक्व टप्पा होय. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नौकेच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

नंतरचा काळ :

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवविनाशास अशनीचा आघात कारणीभूत की दख्खनचा लाव्हा, हा वाद कॉक्स यांच्या हयातीतच सुरू झाला होता. २०१९ मध्ये ‘सायन्स’ मध्ये एकाच वेळी दोन स्वतंत्र गटांची कालमापने प्रसिद्ध झाली. विनाशाची रेषा लाव्हाच्या राशीत नेमकी कोठे येते, याबाबत त्यांत मतभेद आहेत. पण दोन्ही गट बोलतात ते पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर याच परिभाषेत.

कोकणच्या जांभ्याकडे लक्ष गेले ते निराळ्या कारणाने. सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. शिल्पांच्या संरक्षणाची चर्चा त्यामुळे सुरू झाली, परंतु ज्या पृष्ठभागावर ती कोरली आहेत त्या पृष्ठभागाची गणना पुराव्यात कोणी करीत नाही. चिरेखाणीत प्रथम जातो तो सड्याचा माथा. विडोसन व कॉक्स यांच्या युक्तिवादात मोजमापाचा आधार होता तो याच माथ्याच्या उंचीचा. खाण खोल गेल्यावर तेथील मूळ पातळी शेजारच्या न कापलेल्या कडेवरून अंदाजाने घ्यावी लागते, आणि ती कडही कापली गेली तर जिल्ह्याच्या भूमीची उचल मोजण्यास त्या जागी काही उरत नाही.