स्वरांमधली मोकळी जागा



1501 साली व्हेनिसमध्ये ओत्ताविआनो पेत्रुच्ची याने सुट्या खिळ्यांनी बहुस्वरी संगीताचे पहिले पुस्तक छापले. रेषा आणि स्वर वेगवेगळे छापले जात. कागद जरासा सरकला, तर स्वर दुसऱ्याच रेषेवर जाई आणि चाल बदले.

आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’त देवनागरीतच स्वरलेखन केले. त्यात पाच रेषा नाहीत, म्हणून मांडणीला फार महत्त्व. केरव्याच्या आठ मात्रांना सारखे अंतर, चार मात्रांनंतर उभी रेघ, प्रत्येक स्वराखाली गीताचे अक्षर.

सवाई गंधर्व आणि गंगूबाई हनगल यांच्या या हुबळी-धारवाडात सरगम पुष्कळांना कळते. तरी कागद वाचवण्यासाठी आम्ही रे. टिळकांची भजने दाटीवाटीने छापली. अक्षरे स्वरांखालून सरकली आणि वयस्क गायक मधेच गप्प होऊ लागले. त्यांना आता जमत नाही, असे आम्ही धरून चाललो. चूक आमच्या कागदाची होती.

आता एका ओळीत एकच आवर्तन, कडव्यांमध्ये मोकळी जागा, आणि कडव्याच्या मध्येच पान उलटणे नाही. कागद जास्त लागतो. पण मागच्या बाकावरचे आवाज परत आले.

उपासनेत सारे व्यवस्थित आणि सर्वांच्या उन्नतीसाठी व्हावे, असे पौलाने करिंथकरांस लिहिले. म्हणून गीतपत्रिका छापण्यापूर्वी ती आपल्यातल्या सर्वांत वयोवृद्ध गायकाला एकदा दाखवू या.