उपजत मृत्यूचीही नोंद बंधनकारक

धाराशिव : संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून तेर सर्वपरिचित आहे. भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचे तान्हे बाळ तुडवले गेल्याची आख्यायिका महाराष्ट्रभर सांगितली जाते. त्या बाळाची आठवण लोकपरंपरेने जपली. परंतु जन्मण्यापूर्वीच दगावलेल्या बाळाची सरकारदप्तरी नोंद करावी लागते, याची अनेक कुटुंबांना कल्पना नसते.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्म, मृत्यू आणि उपजत मृत्यू यांसाठी स्वतंत्र नमुने आहेत. गर्भधारणेचे किमान २८ आठवडे पूर्ण झाल्यानंतर जन्मलेल्या बाळात जिवंतपणाचे कोणतेही लक्षण नसेल, तर तो उपजत मृत्यू ठरतो. कायद्याच्या व्याख्येत त्याचा समावेश 'जन्म' या संज्ञेत होतो. बाळाने क्षणभर जरी श्वास घेतला असेल, तर मात्र जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी कराव्या लागतात. हा भेद पाळला गेला नाही, तर बालमृत्यूंचे खरे चित्र आकडेवारीत उमटत नाही.

घटना जेथे घडली, तेथील निबंधकाकडे २१ दिवसांत माहिती द्यावी लागते. तेरमधील महिलेची प्रसूती अन्य शहरात झाली, तर नोंदही त्याच शहरात होते. रुग्णालयातील घटनेची माहिती देण्याची जबाबदारी तेथील प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची, तर घरातील घटनेची कुटुंबप्रमुखाची असते. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, तर वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश आवश्यक ठरतो.

कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तीनुसार प्रमाणपत्रे डिजिटल स्वरूपात देण्याची आणि देशपातळीवर एकत्रित माहितीकोश ठेवण्याची तरतूद झाली. रुग्णालयात झालेल्या मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र विनाशुल्क देणेही बंधनकारक झाले.

२८ आठवड्यांपूर्वी झालेल्या गर्भपाताची नोंद मात्र या नोंदवहीत होत नाही. इंग्लंडमध्ये २४ आठवड्यांपूर्वी बाळ गमावलेल्या पालकांना फेब्रुवारी २०२४ पासून, मागणी केल्यास, सरकारी स्मृतिप्रमाणपत्र मिळू लागले. भारतीय नोंदणी कायद्यात अशी तरतूद नाही. संगणकीकरणामुळे दाखला मिळणे सुलभ झाले, तरी पहिली माहिती कुटुंबाने किंवा रुग्णालयानेच द्यावी लागते. ती वेळेत दिली गेली नाही, तर त्या बाळाची दखल कोणत्याही कागदावर राहत नाही.