लिदिया स्कोब्लिकोवा : हिवाळी ऑलिंपिकमधील स्त्रियांचा प्रवेश आणि पदकतालिकेच्या इतिहासाची मर्यादा

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा पदकतालिकेपासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. कोणी किती पदके मिळविली याची नोंद विश्वसनीय असते, सहज उपलब्ध असते, त्यामुळे अभ्यासकाला तिचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि पदक मिळण्यापूर्वी स्पर्धा असावी लागते, आणि ती कोणासाठी केव्हा भरवावयाची हे खेळाडू ठरवीत नाही. सोव्हिएत संघातील बर्फावरील वेगवान स्केटिंगच्या खेळाडू लिदिया स्कोब्लिकोवा यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यांच्या नावावर सहा ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत. ती सहाच का आणि १९६० पासूनच का, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

आपल्याकडे हा खेळ फारसा परिचित नाही, म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक वाटते. चारशे मीटरच्या लंबवर्तुळाकार बर्फाळ मार्गावर दोन स्पर्धक एका वेळी धावतात आणि प्रत्येक फेरीत आतली व बाहेरची मार्गिका आपसात बदलतात. सोबतच्या स्पर्धकाला मागे टाकले म्हणजे जिंकले असे नाही. सर्व जोड्या धावून झाल्यावर ज्याची वेळ सर्वांत कमी तो विजयी. म्हणजे खरी लढत घड्याळाशी असते. उघड्या मैदानावर ऊन, वारा आणि बर्फाचा मऊपणा यांनुसार सकाळची व दुपारची वेळ वेगळी पडते, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

दार उघडण्यापूर्वी

पुरुषांची अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १८९३ पासून सुरू झाली आणि १९२४ च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या शर्यती होत्या. स्त्रियांची अधिकृत जागतिक स्पर्धा १९३६ मध्ये स्टॉकहोम येथे झाली. तत्पूर्वी १९३२ साली लेक प्लॅसिड येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या तीन शर्यती घेण्यात आल्या, परंतु त्या केवळ प्रात्यक्षिक म्हणून. त्यांची पदके अधिकृत मानली गेली नाहीत. त्यानंतर अधिकृत प्रवेश मिळेपर्यंत अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

या विलंबामागे स्त्रीदेहाच्या क्षमतेविषयीच्या ज्या कल्पना होत्या, त्या केवळ बर्फापुरत्या नव्हत्या. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर धावण्याची शर्यत झाली. शर्यतीनंतर स्पर्धक कोसळल्याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली आणि ही शर्यत कार्यक्रमातून वगळण्यात आली. ती परत आली १९६० मध्ये, रोम येथे. त्याच वर्षी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे वेगवान स्केटिंग अधिकृत झाले. हा योगायोग नसावा, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

दरम्यान स्त्रिया धावत होत्याच. किंबहुना १९५५ पर्यंतच्या स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेत ५००० मीटरचे अंतरही होते. ऑलिंपिकला मात्र ते स्त्रियांसाठी झेपण्याजोगे वाटण्यास १९८८ साल उजाडावे लागले! मारिया इसाकोवा यांनी १९४८, १९४९ व १९५० अशी सलग तीन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्यांच्या नावावर एकही ऑलिंपिक पदक नाही. याला एक कारण सोव्हिएत संघ तेव्हा ऑलिंपिकमध्ये सहभागी नव्हता हे आहे आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. परंतु १९५६ मध्ये कोर्तिना येथे सोव्हिएत संघ हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरला, त्याच्या पुरुष स्केटरांनी चारपैकी तीन शर्यतींत सुवर्ण मिळविले, आणि जागतिक स्पर्धेत वर्चस्व गाजविणाऱ्या त्याच देशाच्या स्त्रियांना तेथे एकही शर्यत नव्हती. तेव्हा केवळ देशाच्या अनुपस्थितीचे कारण पुरेसे ठरत नाही.

स्क्वॉ व्हॅली ते इन्सब्रुक

लिदिया स्कोब्लिकोवा यांचा जन्म ८ मार्च १९३९ रोजी उरल पर्वतातील झ्लातोउस्त या गावी झाला. पोलाद आणि तलवारी यांसाठी हे गाव पूर्वापार प्रसिद्ध आहे. पुढे चेल्याबिन्स्क ही त्यांची कर्मभूमी झाली. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या उत्पादनाने नावारूपास आलेले हे औद्योगिक नगर. क्रीडासंघटना व शिक्षणसंस्था यांच्या आधारे खेळाडू घडविणाऱ्या सोव्हिएत व्यवस्थेचे पाठबळ त्यांना लाभले. नावाला हौशी आणि व्यवहारात पूर्णवेळ, असा या व्यवस्थेवर पाश्चात्त्य देशांचा आक्षेप होता व त्यात तथ्यही होते. पण या व्यवस्थेने कारखान्यांच्या गावातील मुलीच्या पायात स्केट्स दिले, हेही तितकेच खरे.

१९६० चे हिवाळी ऑलिंपिक कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे झाले. (या नावातील पहिला शब्द मूलनिवासी स्त्रियांस अवमानकारक असल्यामुळे तेथील स्की-केंद्राने २०२१ मध्ये आपले नाव बदलले; ज्या ठिकाणी स्त्रियांना हा प्रवेश मिळाला त्याच्या नावातच स्त्रियांचा अवमान असावा, हा इतिहासाचा विचित्र विनोद म्हणावा लागेल.) ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम बर्फावर वेगवान स्केटिंग झाले. वीस वर्षांच्या स्कोब्लिकोवा यांनी १५०० मीटर अंतर २ मिनिटे २५.२ सेकंदांत कापून जागतिक विक्रम केला आणि ३००० मीटरमध्ये ५ मिनिटे १४.३ सेकंदांची नोंद करून दुसरे सुवर्ण मिळविले. १००० मीटरमध्ये त्या चौथ्या आल्या.

त्यांची खरी उंची मात्र नंतर दिसली. १९६३ मध्ये जपानमधील कारुइझावा येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी चारही अंतरे जिंकली. पुढच्या वर्षी, १९६४ मध्ये, इन्सब्रुक येथे चार दिवसांत चार शर्यती झाल्या. ३० जानेवारीस ५०० मीटर, ४५.० सेकंद. ३१ जानेवारीस १५०० मीटर, २ मिनिटे २२.६ सेकंद. १ फेब्रुवारीस १००० मीटर, १ मिनिट ३३.२ सेकंद. या तिन्ही वेळा ऑलिंपिक विक्रम ठरल्या. २ फेब्रुवारीस ३००० मीटरच्या वेळी बर्फ मऊ पडून पाणी सुटू लागले होते. त्या जिंकल्या, पण ५ मिनिटे १४.९ सेकंदांत, म्हणजे स्वतःच्याच चार वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा सहा दशांश सेकंद उशिरा. त्या दिवशी रौप्यपदक विभागून मिळाले : सोव्हिएत संघाच्या व्हालेंतिना स्तेनिना आणि उत्तर कोरियाच्या हान पिल-ह्वा यांना. हान यांच्या रूपाने हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळविणारी पहिली आशियाई स्त्री जगासमोर आली.

एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके तोपर्यंत कोणीही, पुरुषानेही, मिळविली नव्हती. पाऊण मिनिटाची झेप आणि पाच मिनिटांची चिकाटी ही शरीराची दोन निराळी कामे आहेत. १९७० च्या दशकापासून लघुअंतराची जागतिक स्पर्धाच वेगळी झाली आणि खेळाडूही विभागले गेले. १९८० मध्ये लेक प्लॅसिड येथे अमेरिकेच्या एरिक हायडन यांनी पाच सुवर्णपदके मिळवून स्कोब्लिकोवांची संख्या ओलांडली. मात्र त्यांच्यासाठी पाच शर्यती होत्या. स्कोब्लिकोवांसाठी चारच होत्या आणि त्यांनी एकही शिल्लक ठेवली नाही.

१९६४ मध्येच त्यांनी स्वीडनमधील क्रिस्टिनेहाम्न येथे पुन्हा चारही अंतरे जिंकून जागतिक अजिंक्यपद राखले. त्याच वर्षी त्यांना कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व मिळाले. व्हालेंतिना तेरेश्कोवा यांचे अंतराळ-उड्डाण जून १९६३ मधले. समाजवादी समाजातील मुक्त स्त्रीचे प्रतीक म्हणून अशा यशाचा राज्यसंस्थेने वापर केला, हे उघड आहे. परंतु प्रतीक म्हणून वापर झाला म्हणून घड्याळातील सेकंद खोटे ठरत नाहीत. १९६८ च्या ग्रनोबल ऑलिंपिकमध्ये स्कोब्लिकोवा ३००० मीटरमध्ये सहाव्या आल्या. तोवर फिनलंड आणि नेदरलँड्सच्या खेळाडू पुढे आल्या होत्या.

ज्यांचे पदक नाही

या कारकिर्दीच्या शेजारी इंगा आर्तामोनोवा यांची कारकीर्द ठेवली पाहिजे. १९५७, १९५८, १९६२ आणि १९६५ अशी चार जागतिक अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. स्कोब्लिकोवांची दोन आहेत. आर्तामोनोवा ऑलिंपिकमध्ये कधीच धावल्या नाहीत. त्यांची पहिली दोन अजिंक्यपदे ऑलिंपिकचे दार बंद असतानाची आहेत, आणि ते उघडल्यानंतर १९६० मध्ये आजारपण आड आले. जानेवारी १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, पतीच्या हातून त्यांची हत्या झाली. पदकतालिकेत त्यांचे नाव शोधल्यास सापडणार नाही.

भारतीय वाचकास येथे पी. टी. उषा यांचे स्मरण होईल. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे आपण सारे जाणतो. स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत त्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेतली गेली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

स्कोब्लिकोवांच्या सहा सुवर्णपदकांशी नेदरलँड्सच्या इरीन वुस्ट यांनी २०२२ मध्ये बरोबरी केली. त्यांना त्यासाठी पाच ऑलिंपिक लागली आणि त्यांतील एक पदक सांघिक शर्यतीचे आहे. चेल्याबिन्स्क येथील बर्फक्रीडागृहास ‘उरलची वीज’ हे स्कोब्लिकोवांचे टोपणनाव देण्यात आले आहे. २०१४ मध्ये सोची येथील उद्घाटन-समारंभात ऑलिंपिक ध्वज धरणाऱ्या आठ जणांत त्या होत्या आणि तेरेश्कोवाही होत्या. तीन वर्षांपूर्वी, २०११ मध्ये, मारिया इसाकोवा यांचे निधन झाले होते. सोचीत पुरुषांसाठी १०,००० मीटरची शर्यत नेहमीप्रमाणे होती. स्त्रियांसाठी ती नव्हती.