अ‍ॅपने उत्तर दिलं, पण विचार कुणी केला?

मोबाइलवर उत्तर दोन सेकंदांत मिळतं. ते बरोबर आहे की नाही, हे कसं ओळखायचं? यालाच चिकित्सक विचार म्हणतात.

ट्रॉम्बेजवळ मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे पाठांतरापेक्षा निरीक्षण आणि प्रश्नांवर भर असतो.

शेजारच्या देवनारमधील 'टिस', एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या 'क्लिक्स' उपक्रमाला २०१७ चा युनेस्को पुरस्कार मिळाला. सरकारी शाळांतल्या मुलांनी संगणकावर मिळून काम करावं, चुकांमधून शिकावं, ही त्यामागची कल्पना.

घरी काय कराल? मुलांना अ‍ॅप उघडण्याआधी अंदाज बांधायला सांगा. उत्तर आलं की विचारा: 'हे कशावरून?' आणि मग दुसरीकडे पडताळून बघा.