संपादक, संहिता आणि कार्यशाळा

‘संपादक’ म्हटले की आम्हां मराठीच्या अध्यापकांसमोर माणूस उभा राहतो. संगणकाच्या व्यवहारात मात्र ‘टेक्स्ट एडिटर’ ही एक आज्ञावली असते. हा शब्द आम्हांला पुष्कळ दिवस खटकत असे. पुढे त्या आज्ञावलीचा इतिहास चाळताना लक्षात आले की दोन्ही संपादकांपुढचा पेच एकच आहे. अनेक हातांनी घडणारी संहिता शाबूत कशी ठेवायची?

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि १९२५ पासून वि. स. सुकथनकरांनी प्रमुख संपादक म्हणून तिला शिस्त लावली. एकेका श्लोकासाठी स्वतंत्र कागद. वर आधारभूत पाठ आणि खाली चौकटींतून एकेका हस्तलिखितातील पाठभेद. कोणती प्रत कोणत्या परंपरेतली, कोणता पाठ कोठून शिरला, याचा हिशेब त्या कागदांवर राहिला. काम १९६६ मध्ये पुरे झाले, तेव्हा सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षे लोटली होती. संपादक बदलूनही काम बुडाले नाही, ते या नोंदींमुळे, असे आमचे मत आहे.

आता दुसरीकडे वळू. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एका जाणत्या प्रोग्रामरची सकाळ वाया गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेली फाईल नव्याने संकलित झालीच नव्हती, आणि तो निर्दोष प्रोग्राममध्ये दोष धुंडाळत बसला. त्याचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी यावर ‘मेक’ हे साधन रचले. कोणती फाईल कोणावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवायचे. एक बदलली की तिच्यावर विसंबलेल्या तेवढ्याच पुन्हा घडवल्या जातात.

त्याच वर्षी एमआयटीत ‘ईमॅक्स’ हा संपादक जन्मला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८४ पासून तो ‘ग्नू’ प्रकल्पासाठी नव्याने लिहिला. त्याचे वैशिष्ट्य असे की लिहिण्याच्या जागीच सारी अवजारे येऊन बसली. तेथूनच ‘मेक’ला हाक द्यावी, आणि चूक निघाली तर थेट त्या ओळीवर जाऊन उभे राहावे. आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. थापटण्याने कच्चे मडके ओळखणाऱ्या त्या कुंभाराच्या अंगणात चाक, माती आणि पारख एकाच ठिकाणी होती. ईमॅक्सची रीत तीच.

१९९२ मध्ये बदलांची नोंद ठेवणारी साधनेही एरिक रेमंड यांनी या संपादकातून चालवण्याची सोय केली. पुढे एरिक लडलम यांनी ‘ईडीई’ रचले. प्रकल्पाने आपले घटक आधी जाहीर करावेत, मग ‘मेक’साठीची यादी संपादकच लिहील, असा त्याचा बेत होता. २०१० मध्ये ते ईमॅक्समध्ये समाविष्ट झाले. आम्हांला हा बेत भारदस्त पण जड वाटतो. २०१६ च्या ‘प्रोजेक्ट’ या साध्या सोयीने एवढेच पाहिले की बदलांची वही कोणत्या फोल्डरात आहे, तोच प्रकल्प. चालत्या कामाला तेवढे पुरते.

आणि मराठीचे काय? येथे इतिहास थोडा कडवट होतो. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ मध्येच, देवनागरीला जागा मिळाली. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ प्रमाण ठरले, ज्यामागे पुण्याच्या सी-डॅकमधील ‘जिस्ट’चे काम होते. अविनाश चोपडे यांची रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणारी ‘आयट्रान्स’ पद्धतीही त्याच सुमाराची, आणि पुढे ती ईमॅक्समध्येही आली. त्या संपादकात १९९७ पासून देवनागरी लिहिता येऊ लागली, ती प्रामुख्याने जपानी अभ्यासकांच्या खटपटीने! आपली छपाईची दुकाने मात्र इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवणाऱ्या फाँटांवर चालली. कागदावर मराठी उमटली की काम झाले, हा हिशेब. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्या फायली उघडा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. किती प्रबंध आणि बोलींचे शब्दसंग्रह अशा फायलींत अडकले असतील! साध्या शोधालाही ते सापडत नाहीत. मग दोन पाठांची तुलना दूरच राहिली.

आज युनिकोडमधील मराठी मजकूर २००५ साली आलेल्या ‘गिट’च्या वहीत सहज ठेवता येतो. एक अडचण आहे. ही साधने तुलना ओळीगणिक करतात, आणि आपण अख्खा परिच्छेद एका ओळीत टंकतो. एक वेलांटी बदलली तरी सारा परिच्छेद बदललेला दिसतो. त्यावर शब्दागणिक तुलनेची आज्ञा आहे, किंवा दर वाक्य नव्या ओळीवर लिहावे. उमरग्याकडची कन्नडमिश्रित बोली आणि परांड्याकडची बोली दोन गटांनी टिपून एकच कोश करायचा ठरला, तर दर शब्दाला एक ओळ द्यावी. मग कोणती नोंद कोणी, कधी आणि का बदलली, हे नंतर येणाऱ्या संपादकालाही वाचता येते.