एकच जालीम औषध का नाही?

“एवढी औषधं कशाला रे? एकच जालीम द्या म्हणावं.” आतेभावाचा ब्लड कॅन्सर उलटला तेव्हा आत्यानं जालन्याहून मुंबईला जाताना, देवगिरी एक्सप्रेसमध्ये मला हे विचारलं होतं. मी इंजिनिअरिंगला होतो. उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो, तर डॉक्टरही एकेकाळी इथूनच निघालेले दिसले.

1947 मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन हे एकच औषध दिलं. ज्या प्रयोगशाळेत ते बनलं, तिथलं संशोधन भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव बघत होते. काही मुलं उठून खेळू लागली. मग काही महिन्यांत आजार उलटला आणि तेच औषध चालेना.

का, ते साध्या हिशेबानं कळतं. रुग्णाच्या अंगात एक लाख कोटी कर्कपेशी असू शकतात. धरा, दहा लाखांत एक पेशी औषधाला दाद देत नाही. म्हणजे दहा लाख पेशी वाचल्या आणि पुन्हा वाढल्या. वेगळ्या मार्गानं मारणारं दुसरं औषध सोबत दिलं, तर दोन्हींतून सुटणारी जेमतेम एक. तिसरं दिलं, तर तीही वाचणं अवघड.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी चार औषधं एकत्र दिली. त्यातलं व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघतं. रक्त साफ झालं, पण बऱ्याच मुलांमध्ये आजार मेंदूच्या आवरणात उलटला, कारण औषधं तिथे पोचतच नव्हती. मग पुढच्या चाचण्यांत पाठीच्या कण्यातून औषध देणं आलं.

1980 च्या दशकात मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेचे इयान मॅग्राथ यांनी एमसीपी-841 हे वेळापत्रक आणलं. दिल्ली आणि चेन्नईतही तेच वापरलं गेलं, त्यामुळे निकालांची तुलना करता आली. सुरुवातीला बरीच मुलं कॅन्सरनं नाही, तर उपचार सुरू असताना जंतुसंसर्गानं गेली. शुश्रूषा सुधारली तसे, औषधं तीच असूनही, हे मृत्यू कमी झाले.

आतेभाऊ वाचला नाही. गेल्या दिवाळीत हे सगळं आत्याला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे कुणाकुणाची लेकरं गेली, तेव्हा हे कळलं.”

“हो आत्या.”

“मग आपल्या लेकराचंही कुणीतरी लिहून ठेवलं असेल.”