कवडीची वाटणी

वीस वर्षं मी बँकेत लोकांचे पैसे मोजतो आहे. पण पैशाचं मूळ रूप मला परवा घरात बसून दिसलं, आणि तेही चिनी लिपीत!

त्याचं असं झालं. माझी पुतणी मुग्धा पुण्यात आमच्याकडे राहून जपानी शिकते. जपान्यांनी ही अक्षरं चीनकडून शेकडो वर्षांपूर्वी उसनी घेतली आणि (बँकेतला माणूस म्हणून नमूद करतो) अजून परत केलेली नाहीत. रविवारी ती वही उघडून बसली होती. मी दादाचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, पत्र वाचत होतो. कोकणातल्या घराची वाटणी मीच मागितली होती. दादानं लिहिलं होतं, ‘तू म्हणतोस तशी करू. फक्त ओटी कोणाची, विहीर कोणाची आणि आंब्याची तीन कलमं दोघांत कशी वाटायची, एवढं कळव.’

“काका, हे काय, ओळखा बघू!” मुग्धानं वही पुढं केली. उभा चौकोन, आत दोन आडव्या रेघा, खाली दोन तंगड्या.

“दोन फळ्यांचं कपाट.”

“कवडी!”

चीनमध्ये फार पूर्वी कवड्यांना धनाचा मान होता. आनयांग इथं १९७६ साली फू हाओ या राणीची थडगी सापडली, तीत सुमारे सात हजार कवड्या निघाल्या. पुढं छिन राजवटीनं कवड्या बंद करून नाणी चालवली, असं श्यू शन या कोशकारानं इ.स. १०० च्या सुमारास नोंदलं आहे. म्हणजे कवडी चलनातून बाद झाली, पण अक्षरांतून हलली नाही. आपणही ‘कवडीमोल’ म्हणतोच की. खिशात कवडी कुणाच्या असते?

कवडीवर जाळं टाकलं की ‘खरेदी’. उसनं देणं, लाच, जुगार, चोर, साऱ्यांच्या अंगात कवडी! बहुतेक ठिकाणी कवडी अर्थ सांगते आणि उरलेला भाग उच्चार. चीननं १९५६ पासून अक्षरं सोपी केली, तेव्हा ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ या अक्षरांतली कवडी उडाली. ‘गरीब’ या अक्षरातली मात्र शाबूत राहिली. सरकारं सगळीकडे सारखीच.

“आणि हे ‘गरीब’,” मुग्धा म्हणाली. वर दुभंगलेल्या दोन रेघा, त्यांच्याखाली सुरी; मिळून ‘वाटणे’. त्याखाली कवडी. चिनी त्याला ‘पिन’ म्हणतात, जपानी ‘हिन’ किंवा ‘बिन’, व्हिएतनामी ‘बन’ आणि कोरियन ‘बिन’. आपल्याकडेही बिनपैशाचा तो गरीबच! धन वाटलं की थोडं होतं, असा खुलासा त्याच श्यू शननं केला आहे.

मी पत्राची घडी घातली. एका विहिरीच्या दोन अर्ध्या विहिरी झाल्या तर पाणी दुप्पट होत नाही, हा हिशेब कॉमर्सच्या पदवीधराला एका चिनी कोशकारानं शिकवावा! दुपारी उत्तर लिहायला घेतलं. ‘दादा, वाटणी नको. गणपतीला सगळे येतो.’ आणि विद्वत्ता वाया जाऊ नये म्हणून खाली ते अक्षर ऐटीत काढलं.

मुग्धानं पत्र पाहिलं आणि ती हसायलाच लागली.

“काका, वरच्या रेघा सुट्या ठेवायच्या होत्या. तुम्ही टोकाला जुळवल्यात, आणि खालची सुरीही बिघडलीय. हे ‘गरीब’ नाही झालं. हे ‘लोभ’ झालं!”

शाईनं काढलेलं, खोडता येईना. शिवाय, खरं सांगायचं तर, चूक फारशी नव्हतीच. पत्र तसंच टाकलं.